दर्यापलीकडची बाराखडी

"ही मोडी मां ओ, बाई?"

आमच्या टेबलापुढे थांबणारा पहिला माणूस हाच प्रश्न विचारतो. जत्रा असो, गणपतीचा मंडप असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, माणूस बदलतो, प्रश्न तोच. मी सांगते, मोडी नव्हे, ही फिलिपिन्सची जुनी लिपी, हिला बायबायिन म्हणतात. मग तो टेबलामागे बसलेल्या लिगायाकडे बघतो, तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघतो आणि आवाज बारीक करून मला विचारतो, "आणि ही खंयची?"

लिगाया हातातल्या बांबूवरची नजरसुद्धा न हलवता उत्तर देते, "देवबागची."

झालं! तिथून पुढे सगळी गर्दी आमची.

मी मालवणात एका शाळेत चित्रकला शिकवत होते. आयुष्यभर पोरांना "अरे रेघ ओढ, खिळा ठोकू नकोस" म्हणून ओरडले. निवृत्त झाले तेव्हा घरच्यांनी परस्पर ठरवलं, की आता बाई जपमाळ घेणार. शिरा पडो त्या जपमाळेवर! मला गप्प बसता येत नाही. दोन माणसं समोर दिसली की माझं तोंड आपोआप सुरू होतं. असल्या तोंडाला म्हातारपणी काम मिळालं ते लिगायामुळे. ती लोकांसमोर बसून लिहिते, मी बोलते. निमंत्रणपत्रिकेत आमच्या नावापुढे "लाइव्ह आर्ट" छापतात. लोक मात्र "बांबूवाल्यो इल्यो रे" म्हणतात, आणि मला तेच बरं वाटतं.

आमची गाठ पडली तीसुद्धा जेवणामुळे. देवबागला खाडीच्या अंगाला माईंचं घर आहे. दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात. शाळेतल्या आम्ही बायका माझ्या निरोपाचं जेवण जेवायला तिथे गेलो होतो. सोलकढी पिऊन हात धुवायला मागच्या दारी गेले, तर पडवीत एक मुलगी बसली होती आणि सुरीच्या टोकाने बांबूच्या पट्टीवर काहीतरी कोरत होती. ही माईंची सून. माईंचा मुलगा प्रसाद प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. ही त्याच जहाजावर कामाला होती. तिथे जमलं, लग्न झालं, आणि आता वर्षातले बरेच महिने तो दर्यावर आणि ही सासूजवळ.

मी म्हटलं, "काय ता?"

"माजा नाव," ती म्हणाली.

अहो, तो हात! रेघ गोल वळत होती, खाली उतरत होती, पुन्हा वर येत होती आणि सुरी कुठे म्हणून अडत नव्हती. इतकी वर्षं मी फळ्यावर जे दाखवत आले, पण मुलांच्या हातात कधी उतरलं नाही, ते तिथे पडवीत बसून चाललं होतं. माझे हात ओलेच होते. तशीच खाली बसले तिच्यासमोर. बाकीच्या बायका गाडीत बसून हॉर्न वाजवायला लागल्या तरी माझा पाय निघेना.

लिगायाची आणखी एक गंमत. ती आली आणि सासूकडून मालवणी शिकली. पुस्तकी मराठी तिला बिलकूल येत नाही. बँकेत नागपूरकडचा साहेब आलाय, त्याच्याशीही ती "माका ह्या समाजना नाय, नीट सांगा" असंच बोलते. तो बिचाराच आता मालवणी शिकायला लागलाय.

आता लिपी म्हणजे काय प्रकार आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अक्षरं अगदी थोडी आहेत. आपल्या क मध्ये जसा अ आधीच बसलेला असतो, तसाच त्यांच्याही अक्षरात असतो. डोक्यावर एक बारीक खूण दिली की कि किंवा के, पायाशी दिली की कु किंवा को. दोन्हींतलं कुठलं, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. आणि जुन्या पद्धतीत शब्दाच्या शेवटी तोंड मिटताना जे व्यंजन येतं ते लिहीतच नाहीत. 'राम' लिहायचा तर 'रा' लिहून मोकळे, म तुम्ही मनात म्हणायचा. एका गुरुजींनी यावरून माझ्याशी वाद घातला, हा काय अर्धवटपणा म्हणून. मी बाह्या सरसावत होते, तेवढ्यात लिगाया म्हणाली, "गुरुजी, वाचणाऱ्याक पण कायतरी काम होया मां." गुरुजींनी आपलं नाव लिहून घेतलं आणि गेले.

स्पॅनिश लोकांच्या राजवटीत ही अक्षरं मागे पडली. लिगायाच्या आजीलाही ती येत नव्हती. लिगाया स्वतः मोठ्या शहरात नोकरीला गेल्यावर हौशी पोरापोरींच्या एका गटात शिकली. "आजयेक तिचा नाव लिवन दाखवूचा रवला," एवढं एकदा म्हणाली आणि उठून विहिरीवर गेली. मी फार वाईट वाटून घेतलं त्या दिवशी. माणसाचं नाव ज्या अक्षरांत हजारदा लिहिलं जायला हवं होतं, त्या अक्षरांत ते एकदाही लिहिलं गेलं नाही, याचं दुःख दुसऱ्याला समजावणं कठीण आहे.

आमचं काम असं चालतं. माणगा जातीचा बांबू आणायचा. तो अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला हवा, म्हणजे किडत नाही असं आमच्याकडे सगळे सांगतात. मग खाडीच्या पाण्यात तो भिजत घालायचा, सुकवायचा आणि वीतभर लांबीच्या पट्ट्या फोडायच्या. वरची साल तासून गुळगुळीत करायची. हे सगळं आधी. कार्यक्रमात लिगाया पट्टी मांडीवर धरून सुरीच्या टोकाने नाव कोरते. त्या वेळी काहीच दिसत नाही, पांढऱ्यावर पांढरं. लोक मान पुढे काढून बघतात आणि पुटपुटतात, "काय लिवल्यान, दिसना तर नाय." मग ती नारळाच्या करवंटीचा कोळसा खोबरेल तेलात कालवलेला असतो त्यात बोट बुडवते, पट्टीवर फासते आणि फडक्याने एकदाच जोरात पुसते. पट्टी स्वच्छ होते आणि कोरलेलं नाव काळंभोर वर येतं.

"आवशीक खाव!" कोणीतरी ओरडतोच; शिवी खरी, पण आमच्याकडे तीच वाहवा. इतक्या वर्षांत मी ते पुसणं किती वेळा पाहिलं असेल, पण अजून माझ्या पोटात गुदगुल्या होतात. मोठा मंडप असला की मांजरपाटाचं लांबलचक कापड ताणून बांधतो आणि नारळावरचं तंतुमय सोडण ठेचून केलेल्या कुंचल्याने ती गावाचं नाव माणसाएवढं लिहिते. तेव्हा तर मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटते. लोकांना वाटतं बाईंना वेड लागलं. लागू दे.

आमचा एक नियम आहे. नाव लिहून झालं की लिगाया एकेका अक्षराखाली बोट ठेवून ते मोठ्याने वाचते आणि गिऱ्हाइकानेही तिच्यामागून म्हणायचं. कुडाळच्या बाजूला एका जत्रेत एक पोरगा आला. त्याला पट्टी नको होती. मनगटावर पेनाने नाव लिहून हवं होतं, म्हणजे गोव्यात जाऊन तसंच गोंदवून घेता येईल. "घरातल्यांका वाचूक येवचा नाय मां?" असं दोनदा विचारून त्याने लिगायाच्या कानात नाव सांगितलं. तिने सुंदर लिहिलं. मग नियम! ती वाचायला लागली, "म... यु... री." पोरगा ओठ मिटून बसला. माझी शाळेतली सवय जाते कुठे? मी ओरडले, "तोंड उघड! मोठ्याने!" रांगेतल्या पोरांनीच एका सुरात म्हटलं, "मयुरी!" शेजारच्या दुकानात खाजा घेत उभा असलेला त्याचा बापूस वळला आणि म्हणाला, "खंयची रे मयुरी?" पुढच्या वर्षी तिघंही आली, मयुरीसकट, आणि बापसाने त्या दोघांची नावं एका पट्टीवर लिहून घेतली.

सगळेच असे गोड नसतात. तारकर्लीला एका हॉटेलात आम्हाला बोलावलं होतं. तिथला मॅनेजर शहरातून आलेला. तो म्हणाला, मॅडमनी डोक्यात फुलांचा मुकुट आणि कमरेला गवताचा घागरा घालावा, पाहुण्यांना बेटावरचा फील येईल. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "तुम्ही आधी लंगोट लावून दारात कावड घेऊन उभे राहा, पाहुण्यांना आमच्या आजोबांचा फील येईल. मग ती घागरा घालेल." लिगाया हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. शेवटी ती रोजच्यासारखी पंजाबी ड्रेसवर बसली आणि तिथल्या स्वयंपाकघरातल्या बायकाच रांग लावून आल्या. त्या मॅनेजरने पुन्हा काही आम्हाला बोलावलं नाही.

पिंगुळीला चित्रकथीच्या कार्यक्रमात मात्र आम्ही दिवसभर बसलो. तिथले एक म्हातारे कलाकार लिगायाच्या मागे येऊन उभे राहिले. मग लेकीला हाक मारावी तसे म्हणाले, "चेडवा, तुझी रेघ पोटातसून येता." परत येताना ती रिक्षात सारखी तेच म्हणत होती, "पोटातसून येता, बाई, पोटातसून येता!"

या सगळ्यात एक माणूस कधीच आलं नाही. माई. माईंनी सुनेला कधी अडवलं नाही, पण आमच्या एकाही कार्यक्रमाला त्यांनी पाऊल टाकलं नाही. "माका बांबू कळना नाय, माका मासे कळतत," एवढं म्हणून त्या चुलीकडे वळायच्या. मला रागच यायचा. लिगायाला मात्र यायचा नाही. तिचं म्हणणं, माई बोलत नाहीत कारण त्यांचं एक दुखणं आहे.

ते दुखणं म्हणजे माहेर. माई वरच्या अंगाच्या एका गावातल्या, भातशेती आणि काजूच्या बागा असलेल्या घरातल्या. गावाचं नाव सांगत नाही, मला पुन्हा तिथे जायचंय. थोरले भाऊ तिथल्या देवळाचे मानकरी, सगळा गाव त्यांना अण्णा म्हणतो. भाचा परदेशातली मुलगी घेऊन आला म्हणून अण्णा लग्नाला आले नाहीत. उलट निरोप पाठवला, "सून तुझ्या घरात ठेव, माझ्या उंबऱ्यात हाडू नको." तेव्हापासून माई माहेरी गेल्या नव्हत्या. सून घरी राहणार आणि आपण एकट्याच ओटी घेऊन यायचं, हे त्यांना पटत नव्हतं. भावाशी भांडणही त्यांना करायचं नव्हतं. त्या नुसत्या थांबल्या होत्या.

आणि नेमकं त्याच गावातून आम्हाला बोलावणं आलं! अण्णांकडून नव्हे हो, तिथल्या तरुण मंडळाकडून. पोरांनी मोबाईलवर आमचा व्हिडिओ पाहिला होता आणि आपण कोणाच्या बहिणीच्या सुनेला बोलावतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी लिगायाला म्हटलं, नको जाऊया. ती म्हणाली, "बाई, माका ता गाव बघूचा आसा." माई ऐकत होत्या. बराच वेळ नारळ खोवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी पण येतंय. देवीची ओटी भरूची आसा." मी मनात म्हटलं, आता काही खैर नाही. तिथे काही वाकडं झालं तर माईंचं माहेर कायमचं तुटणार होतं, आणि ते आमच्या टेबलापायी तुटणार होतं.

जत्रेच्या दिवशी दुपारीच पोहोचलो. देवळाबाहेर आंब्याखाली टेबल लावलं. एका बाजूला खाज्याची दुकानं, दुसऱ्या बाजूला चहावाल्याची धडधडणारी चूल. माई ओटीचं ताट घेऊन देवळात गेल्या. बायकांची रांग बाहेरपर्यंत आलेली, म्हणजे दोन-तीन तास सहज. लिगायाने काम सुरू करायच्या आधी एक पट्टी लिहिली आणि टेबलाच्या पुढच्या खांबाला टांगली. मी विचारलंही नाही काय आहे ते, कारण तोवर गर्दी जमली होती आणि माझं तोंड सुरू झालं होतं.

काय दिवस होता तो! पोरं, बाया, म्हातारे, एकावर एक. लिगायाचा हात थांबत नव्हता. फडकं फिरलं की "आवशीक खाव!" आणि पाठोपाठ टाळ्या. मी घसा फुटेपर्यंत ओरडत होते. एक म्हातारा शेतकरी दोनदा रांगेत येऊन गेला. दिवेलागण व्हायला आली तेव्हा आमच्याकडच्या पट्ट्या संपत आल्या होत्या, आणि मी स्वतःवर इतकी खूश होते की अण्णा वगैरे सगळं विसरूनच गेले होते.

तेवढ्यात एक बाई परत आली. मघाशी मुलीला कडेवर घेऊन पट्टी घेऊन गेलेली. तिने पट्टी हळूच टेबलाच्या कडेला ठेवली. "माका नको गो बाय. घरात ल्हान पोर आसा." मला काही कळेना. तिच्यामागे दुसरी आली, मग एक पुरुष आला. पट्टी ठेवायची आणि चालू पडायचं. टेबलावर ढीग झाला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काळं, तेलकट, बांबूवर कोरलेलं आणि कोणाला वाचता न येणारं. आमच्या मुलखात या चार गोष्टी एकत्र आल्या की माणसाच्या मनात एकच शब्द येतो, करणी. इतके दिवस कोणाला सुचलं नव्हतं. त्या गर्दीत कोणालातरी सुचलं आणि कानोकान पसरलं.

आणि गर्दी बाजूला झाली. धोतर, खांद्यावर पंचा, कपाळाला गंध. कोणी ओळख करून द्यायची गरजच नव्हती, नाक माईंचंच. अण्णा लिगायाकडे बघत नव्हते. मी शाळेतली बाई, म्हणून माझ्याशी ते शुद्ध मराठीत बोलले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. यावर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येतं?"

"मला नाही येत. तिला येतं."

"लिहिणारी ती आणि वाचणारीही तीच. मग साक्ष कोणाची?"

खरंच, मला एक अक्षर येत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी नुसती बडबडले होते. लिगाया उभी राहिली. ओठ घट्ट दाबलेले, पण मान खाली घातली नाही तिने.

"गावाक उगाच भय नको," अण्णा लोकांकडे वळून म्हणाले. "ह्या सगळा त्या चायवाल्याच्या चुलीत घाला. आणि पयली ती टांगलेली काडा. ती तर कोणी मागूक पण नव्हती. आपल्या मनान टांगल्यान."

"दादा."

सगळे वळले. माई उभ्या होत्या. पदरात देवीचा नारळ, कपाळभर कुंकू. बहीणभाऊ कितीतरी वर्षांनी समोरासमोर येत होते आणि जत्रेतलं निम्मं गाव बघत होतं.

"दुसऱ्या कोणी वाचला तर चलात?" माईंनी विचारलं.

"कोण वाचतलो?"

"मी."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, माई सुनेला वाचवायला काहीतरी थाप मारताहेत आणि आता आम्ही सगळेच बुडणार. माईंनी नारळ माझ्या हातात दिला, पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि टेबलाच्या कडेला पडलेली पहिली पट्टी उचलली. अक्षराखाली बोट ठेवलं.

"सु... नि... ता." मान वर केली. "सुनीता कोण गो? करणी म्हणान परत दिलंस ती तुझाच नाव आसा."

कडेवर मूल घेतलेल्या बाईचा हात आपोआप वर गेला. आणि मागून एका वात्रट माणसाने, देवासमोर गाऱ्हाणं घालताना सगळे म्हणतात तसा, खणखणीत आवाज काढला, "व्हय म्हाराजा!"

हशा पिकला. माईंनी दुसरी उचलली. "र... मा... का. रमाकांत. शेवटचा ह्येंच्यात लिवनत नाय, आपणच समजान घेवचा." आता दहा जण ओरडले, "व्हय म्हाराजा!" तिसरी, चौथी, पाचवी. माई वाचायच्या, नावाचा माणूस हात वर करायचा आणि सगळी जत्रा गर्जायची. लिगायाने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी नारळ छातीशी धरून रडत होते की हसत होते, मलाच सांगता येणार नाही.

अण्णा एवढ्याने मानणारे नव्हते. "पाठ करून इलंस तू!"

"मगे तूच काड एक."

अण्णांनी ढिगाच्या अगदी तळातली पट्टी ओढून काढली. माईंनी बोट ठेवलं आणि त्या अडल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "प... व... लो." कपाळाला आठ्या घालून त्यांनी गर्दीकडे बघितलं. "पवळो! अरे ह्या माणसाचा नाव नाय, बैलाचा! कोणी रे बैलाचा नाव लिवन घेतलान?"

"माजो तो! माजो पवळो!" दोनदा रांगेत आलेला तो म्हातारा शेतकरी हात नाचवत पुढे आला. त्यानंतर जे "व्हय म्हाराजा" झालं, ते देवळातल्या देवीलाही ऐकू गेलं असेल. पट्ट्या परत केलेले लोक एकमेकांना ढकलत ढिगाकडे धावले आणि आपापलं नाव शोधून द्यायला माईंना गळ घालू लागले.

मी विचारलं, "अहो माई, शिकलात तरी कधी?"

"करतंय काय!" माई म्हणाल्या. "हिना माझे सगळे डबे आपल्या अक्षरांनी रंगवल्यान. एकदा सोलकढयेत मिठाच्या जाग्यार साखर घातलंय. म्हटलां, आपल्याच चुलीकडे आपण अडाणी रवूचा? मीठ, हळद, मिरसांग, तांदूळ, एकेक डबो लावन शिकलंय. डबे सोपले तसा पडवयेतल्यो बांबूच्यो कांबी वाचूक लागलंय." मग सुनेकडे बघून जराशा लाजल्या. "हिका सांगूक नाय. चुकलंय तर हसात म्हणान."

लिगाया आता उघड रडत होती. पण अण्णा अजून तिथेच होते. ते हसले नव्हते. त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं, दुपारपासून टांगलेल्या त्या पट्टीकडे.

"आणि ह्या? ह्या कोणाचा नाव?"

माई पुढे गेल्या. पट्टीवर दोनच अक्षरं होती. त्यांनी बोट ठेवलं. "गो..." म्हणाल्या आणि थांबल्या. मला वाटलं, दुसरं अक्षर येत नाही त्यांना. पण त्यांना ते येत होतं. त्यांनी चष्मा काढून पुन्हा पदराने पुसला.

"गोदा," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, फक्त भावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण मी जवळ होते म्हणून ऐकलं, "दादा, आये आमची."

"व्हय म्हाराजा" कोणी म्हटलं नाही.

लिगाया डोळे पुसत बोलली. "माई खोबरा खोवताना सारखी तिची गोष्ट सांगता. म्हटलां, आज तिच्या गावाक जाताव, तर पयला नाव तिचा."

अण्णा खांबापाशी गेले. पट्टीची दोरी सोडवायला लागले, तर गाठ सुटेना. चहावाल्याची चूल तिथेच दोन पावलांवर पेटलेली होती आणि सगळ्यांची नजर एकदा त्यांच्याकडे, एकदा चुलीकडे जात होती. गाठ सुटली. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, हात पुसले आणि पट्टी दोन्ही हातांत धरली. एकदा अशी धरली, एकदा तशी. आपल्या आईचं नाव, आणि कळेना कुठून बघायचं. शेवटी ते लिगायाकडे वळले. लग्नानंतर आजवर एक शब्द ते तिच्याशी बोलले नव्हते.

"चेडवा," अण्णा म्हणाले, "वयली बाजू खंयची गो ह्येची?"

लिगायाने त्यांचे दोन्ही हात धरले आणि पट्टी फिरवून सरळ केली.